वरून भरायचं पिस्तूल

भाड्याचं घर दाखवणारा माणूस आधी खोल्या दाखवतो, मग नळाला पाणी कधी येतं ते सांगतो. नारायणगुड्याच्या आमच्या घरमालकांनी आम्हाला आधी दारं दाखवली. जिन्यातला दिवा लावल्याशिवाय गच्चीचं दार उघडत नव्हतं आणि गच्चीचं दार लावल्याशिवाय पाण्याची मोटर सुरू होत नव्हती. हे सगळं त्यांनी स्वतः तारा, पट्ट्या आणि जुने खटके जोडून जमवलेलं होतं. एकेक खटका ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. माझा नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "आपण घर बघतोय की तुरुंग?"

या घरमालक काकांचे कान तिखट. ते म्हणाले, "तुरुंगाला कडी बाहेरून लावतेत साहेब. इथं आतून लावायची. फरक आहे न."

आम्ही ते घर घेतलं. नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या आम्हा दोघांना हैदराबादेत मराठी बोलणारा घरमालक मिळाला, याचाच आनंद मोठा होता. त्यांची मराठी आमच्या मराठीहून वेगळी होती, ते नंतर कळलं. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवालं. आजोबा निजामाच्या राज्यात एका जहागीरदाराचे कारभारी होऊन इथं आले आणि मग सगळे इथलेच झाले. काका रागावले की उर्दूत जायचे, भाजीवाल्या बाईशी तेलुगूत भांडायचे आणि देवाशी मात्र मराठीत बोलायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी अमेरिकेत. खाली ते एकटे, वर आम्ही.

त्या खटक्यांचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची हयात गेली. रूळ वळले, वळल्यावर त्यांना कुलूप बसलं, की मगच सिग्नलचा दांडा हलतो. कुलूप नसेल तर तुम्ही कितीही जोर लावा, दांडा जागचा हलत नाही. माणूस चुकणारच, म्हणून यंत्रानंच त्याला चुकू द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर रेल्वे सुटली, धर्म राहिला, आणि तो आम्हा भाडेकरूंच्या वाट्याला आला.

पिस्तुलाचं आम्हाला कळलं ते टीव्हीमुळे. एका रविवारी ते वर चहाला आले होते आणि टीव्हीवर कुठला तरी हिरो गच्चीवरून गोळ्या झाडत होता. काका अस्वस्थ होऊन खुर्चीत चुळबुळायला लागले. "आता भर की बाबा," ते हिरोला म्हणाले. हिरोनं ऐकलं नाही. काकांनी कप खाली ठेवला. "पोटात आठ मावतेत, हा पंचवीस उडवायलाय. चला खाली. दाखवतो."

खाली त्यांनी लोखंडी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. पेटीसुद्धा विचित्र होती, मटणाच्या तंगडीसारखी. आतून निघालं एक लांबोडं जर्मन पिस्तूल, मूठ लाटण्यासारखी गोल, आणि मुठीच्या पुढे, चापाच्याही पुढे, एक चौकोनी पेटी. जहागीरदारानं ते आजोबांना दिलं, आजोबांकडून वडिलांकडे आणि परवान्यासकट काकांकडे आलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच खरं पिस्तूल पाहत होते आणि मला ते आवडलं नाही. नवऱ्याचे मात्र डोळे चमकले.

"हे चालवलंय कधी?" त्यानं विचारलं.

"चालवायचं कशाला?" काका म्हणाले. "चालतं कसं ते कळलं की झालं."

आणि मग शिकवणी सुरू झाली. पुढे मी ती इतक्यांदा ऐकली, की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट; त्याचे दोन्ही कान चिमटीत धरून त्यांनी मागे ओढले आणि हात काढला. बोल्ट मागेच राहिला. "पोट रिकामं असलं की हिचं तोंड मिटत नाही," ते म्हणाले. "भूक लागली म्हणून सांगते बिचारी." वरच्या उघड्या जागेत त्यांनी काडतुसांची पत्र्याची पट्टी उभी खोवली. ही काडतुसं खोटी होती. राणीगंजच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलेली, आत दारू नाही, आणि ओळखू यावं म्हणून प्रत्येकाच्या कुशीला आरपार भोक. अंगठ्यानं दाबताच सगळी सरसर खालच्या पेटीत उतरली. पट्टी तेवढी वर उभी राहिली. "आता बघा," म्हणून त्यांनी पट्टी उपटली, आणि खाडकन बोल्ट पुढे गेला. मी दचकले.

"हे या जुन्या जातीचं वैशिष्ट्य. आजकाल मुठीत गोळ्यांची डबी सारतेत, मग बोल्ट वेगळा ओढतेत, तेव्हा गोळी नळीत जाते. हिला तसं नक्को. पट्टी निघाली की पहिली गोळी नळीत. भरणं आणि तयार होणं, दोन्ही एकच. म्हणून हिला फार जपावं लागतं."

ऑटोमॅटिक या शब्दावर त्यांचा राग होता. आपोआप उडतं असं लोकांना वाटतं. आपोआप उडत नाही, आपोआप भरतं. दर गोळीला चाप वेगळा ओढायचा. गोळी पुढे जाते तेव्हा धक्का मागे बसतो, तो धक्का आधीच्या पिस्तुलांत हातात जिरून फुकट जायचा. "त्या जर्मन लोकांनी डोकं चालवलं. धक्का वाया जायलाय न, त्यालाच कामाला लावा म्हणाले." पण बोल्ट लगेच मागे उघडला, तर नळीतला सगळा जाळ पितळी कवच फोडून तोंडावर येणार. म्हणून नळी आणि बोल्ट एकमेकांना कुलूपबंद. दोघं मिळून जरासं मागे सरकतात, तेवढ्यात गोळी बाहेर पडलेली असते, आतला जोर उतरलेला असतो. मग कुलूप खाली पडतं, नळी थांबते, बोल्ट एकटाच मागे जातो, जाता जाता रिकामं कवच वर फेकतो, घोडा चढवतो, आणि स्प्रिंगच्या रेट्यानं परत येताना नवी गोळी घेऊन येतो.

"कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढता का तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "तसंच. आधी कुलूप, मग दणका, मग वाफ, मग झाकण."

खरं सांगायचं तर तोवर मी शिट्टी चमच्यानं उचलून वाफ काढून टाकत होते. त्या दिवसापासून सोडलं.

लहान गोळीच्या पिस्तुलांना कुलूप लागत नाही, नुसता जड बोल्ट आणि कडक स्प्रिंग पुरतात. आणखी एका जातीत कुलूप गुडघ्याचं असतं. पाय सरळ असला की सगळा भार पेलतो, जरा वाकला की घडी. हे त्यांनी एकदा हिमायतनगरच्या हाडांच्या डॉक्टरांना ऐकवलं. गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांना घेऊन गेले होते. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या ते पाय मोडून-सरळ करून कुलूप कुठे बसतं आणि कुठे सुटतं ते दाखवायला लागले. बाहेर पेशंटांची रांग. डॉक्टर शेवटी म्हणाले, "अंकल, इधर पेशंट आप हैं."

"पेशंट कायकू? मैं मशीन हूं," काका म्हणाले. "आप मिस्त्री. मिस्त्री को मशीन का मालूम होना ना."

डॉक्टर हसले, पण गुडघा त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन तपासला असं मला वाटलं.

पिस्तुलाच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. हातात घेतलं की आधी उघडायचं. उघडून बघायचं आणि करंगळी आत घालून चाचपायचं. "डोळ्यापेक्षा बोट खरं," ते म्हणायचे. खोट्या काडतुसाचं भोकही ते अंगठ्यानंच शोधायचे. मला त्या शिस्तीचं फार कौतुक वाटायचं. नळी माणसाकडे नाही. चापावर बोट नाही, रिकामं असलं तरी नाही. "रिकाम्या पिस्तुलानंच माणसं मरतेत," ते म्हणायचे. "भरलेल्याला तर सगळेच भितेत."

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मतदान आटोपलं की परत मिळतात. लोकांना तो ताप वाटतो. काकांचा तो सण होता. इस्त्रीचा बंद गळ्याचा कोट घालून, रिक्षानं, लाकडी पेटी मांडीवर घेऊन ते जायचे. दर वेळी ठाण्यात काही नवी माणसं असायची आणि ती मुठीत डबी शोधायची. मग काका खुर्ची ओढून घेऊन त्यांना शिकवायचे.

माझी आई अशाच एका निवडणुकीच्या वर्षी महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. आई पुण्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्तीनंतर शाळा नसली तरी मुख्याध्यापिका आहेच. पहिल्याच दिवशी तिनं काकांच्या खटक्यांची तपासणी केली आणि मला म्हणाली, "माणूस तऱ्हेवाईक आहे. पण दार नीट लावतो. अशा घरात राहावं." दोघांचं खूप जमलं. ती त्यांचे शब्द दुरुस्त करायची, ते 'हौ, हौ' म्हणत पुन्हा तसंच बोलायचे. ती समोर असली की त्यांचा आवाज जरा चढायचा आणि गोष्टी लांबायच्या. मला त्याची गंमत वाटायची. या वयात त्यांना आपलं ऐकणारं कुणीतरी मिळालंय, हे पाहून बरंही वाटायचं.

निवडणूक जाहीर झाली आणि आईची परतीची गाडीही जवळ आली. काका म्हणाले, "पुढच्या खेपेला हे ठाण्यात असेल का घरात, काय सांगावं. आजच बघून घ्या ताई." जमा करायची म्हणून आजोबांच्या वेळची थोडी खरी काडतुसंही त्यांनी त्या दिवशी कपाटातून काढली होती. एरवी ती वेगळ्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात असायची. त्या दुपारी दोन्ही डबे एकाच टेबलावर होते.

त्यांनी पट्टी भरली, उपटली, बोल्ट खाडकन पुढे गेला. मग रिकामं करायला ते बोल्ट ओढत गेले आणि काडतुसं टुणटुण उडून खाली अंथरलेल्या चादरीवर पडायला लागली. मधेच अमेरिकेतून मुलीचा फोन आला. पिस्तूल चादरीवर ठेवून ते व्हरांड्यात गेले. मी आत चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तेव्हा काका फोन आटोपून परतले होते, त्यांनी धरायला दिलेलं पिस्तूल आईच्या हातात होतं आणि नळी माझ्या नवऱ्याकडे. "भांडी घासतोस का नाही?" ती त्याला विचारत होती. नवरा हात वर करून हसत होता. काकांनी तळहातानं नळी अलगद खाली दाबली. "माणसाकडे नाही ताई. आणि बोट तिथून काढा."

"रिकामं आहे ना?"

"रिकामं असलं तरी."

आईनं बोट काढलं. आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी आई पुण्याला गेली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आम्ही ठाण्यात गेलो. गुडघ्यामुळे मी सोबत होते. नोंदी करणारा हवालदार, ज्याला तिथं रायटर म्हणतात, खाली मान घालून मागच्या माणसाची पावती फाडत होता. पलीकडच्या टेबलाशी एक तरुण बाई, सब-इन्स्पेक्टर, फोनवर बोलत होत्या. काकांनी पेटी उघडली. त्या दिवशी चादरीवरून उचलून पेटीत ठेवलेलं पिस्तूल ते आता पहिल्यांदाच हातात घेत होते. नळी भिंतीकडे केली आणि बोल्ट मागे ओढला.

एक काडतूस उडालं आणि फायलींवर पडून घरंगळत टाचण्यांच्या डबीशी थांबलं.

काकांनी ते उचललं. अंगठा त्याच्या कुशीवरून फिरला, पुन्हा फिरला. भोक नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मलाही कळलं. पट्टी भरताना खऱ्यातलं एक तिच्यात आलं होतं, आणि फोन वाजला तेव्हा तेच शेवटचं नळीत राहिलं होतं. बोल्ट मिटलेला पाहून काकांना वाटलं, आमच्यापैकी कुणी मिटवला असेल. नवऱ्याला आणि आईला वाटलं, तो तसाच असतो. आणि माझ्या आईचं बोट चापावर होतं, माझा नवरा समोर हसत होता.

दुसऱ्या कुणीही पाहिलं नव्हतं. रायटर अजून पावती लिहीत होता. काडतूस बाकीच्या खऱ्यांमध्ये टाकलं असतं तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. मी खरंच तेच मनात म्हणत होते, टाका, टाका ते डब्यात.

काका उठून उभे राहिले. "मॅडम, इधर देखिए," ते म्हणाले. "ये नळी में था. मैं भरा हुआ लेके आया."

त्या बाईंनी फोन ठेवला. काडतूस पाहिलं, काकांकडे पाहिलं. या माणसाचं व्याख्यान त्यांनी मागच्या निवडणुकीत ऐकलं असावं, कारण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जाने दीजिए अंकल. अब तो निकल गया ना."

"नक्को. लिखो."

"लिखे तो ऊपर जाएगा. लाइसेंस कैन्सल होता. सोच लीजिए."

"सोचा," काका म्हणाले. "सिग्नल में ऐसा हुआ तो मैं आदमी को उसी दिन केबिन से उतार देता था. लिखो."

बाईंनी लिहिलं. काकांनी सही केली. व्याख्यान झालं नाही. पेटी टेबलावर ठेवून ते वळले तेव्हा त्यांना दाराचा उंबरठा दिसला नाही आणि मी त्यांचा दंड धरला.

बाहेर झाडाखाली स्कूटरींच्या गर्दीत ते थांबले. "ताईंना फोन लावा," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. आईला मी ओळखते. ती पुढच्या गाडीनं येईल, सामान बांधायला लावेल, आणि या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही. झालं ते झालं, कुणाला काही झालेलं नाही, मग त्या बिचारीच्या जिवाला घोर कशाला, असं मी बरंच काही बोलले. मला घराचीही काळजी होती आणि त्यांचीही. आई ही त्यांच्या घरी येऊन बसणारी एकुलती एक व्यक्ती होती.

"बेटा, तुमच्या नवऱ्याला मी संध्याकाळी सांगणार आहे," ते म्हणाले. "पण बोट ताईंचं होतं. आधी त्यांना."

मी त्यांच्याच फोनवरून आईचा नंबर लावून दिला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकून हातभर लांब धरला आणि जे झालं ते सांगितलं. काहीही कमी केलं नाही. खरी आणि खोटी काडतुसं एका टेबलावर ठेवली ही पहिली चूक. मधेच उठलो ही दुसरी. परत आल्यावर उघडून न बघता तुमच्या हातात दिलं, ही तिसरी, आणि हिला माफी नाही.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं," आई म्हणाली.

"हौ."

"तुमच्यासारख्या माणसाच्या हातून हे झालं कसं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "मला दिसत नाही ताई. उजव्या डोळ्यानं काहीच नाही, डाव्यानं थोडं. म्हणून सगळं बोटानं करतो. त्या दिवशी घाईत बोटही फिरवलं नाही. पोरगी ऐकली तर इथलं घर बंद करून तिकडे नेईल, म्हणून कुणालाच बोललो नाही. आज पहिल्यांदा बोलायलो."

मला रडू आलं. त्यांची शिस्त म्हणून मी जिचं कौतुक करत होते ती अशी होती.

आईचा आवाज आला तेव्हा तो मुख्याध्यापिकेचा नव्हता. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. "कधीपासूनच. तुम्ही मोठ्यानं बोलता, म्हणून तुमच्याकडे येऊन बसायचे. मुलीला सांगितलेलं नाही. सांगितलं की ती मला पुण्यात एकटी राहू देणार नाही."

काकांचा हात फोनसकट तसाच राहिला. मग त्यांनी फोन तोंडाशी आणला.

"ताई," ते म्हणाले, "मुलगी इथंच उभी आहे. ऐकायलीय."

पलीकडे आईनं पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"बरं झालं," ती म्हणाली.